तीन हाका

“तुझ्या नवऱ्याला सांग, मी अजून कुणाची विधवा झालेली नाही,” भागीरथीबाई म्हणाल्या आणि नऊवारीखालचे पांढरे कॅनव्हासचे बूट त्यांनी दारातच असे झटकले, की एक जिन्याच्या पायरीवर जाऊन पडला आणि दुसरा चंद्रशेखरच्या पायाशी.

चंद्रशेखर सोफ्यावर बसून बेसबॉलची मॅच बघत होता. आई समोर उभी होती, पण निरोप बायकोमार्फत आला म्हटल्यावर त्याने सुचित्राकडेच पाहिलं.

“काय झालं?”

“प्रतिमाकडे हळदीकुंकवाला जरा...” सुचित्राने ओटीतले भिजवलेले हरभरे सावरले. “चुकून झालं रे. तिलाही ऑकवर्ड झालं.”

“चुकून नाही,” भागीरथीबाई सुनेलाच म्हणाल्या. “ती मुलगी चांगली आहे. तिने मला पन्हं दिलं, पाठीला उशी दिली. कुंकवाचं बोट घेऊन ओळीने येत होती. माझ्यापाशी आली, माझं कपाळ बघितलं आणि बोट तसंच हवेत राहिलं तिचं. कपाळावर रुपयाएवढं कुंकू आहे, त्या बाईला कुंकू लावावं की नाही हा प्रश्न तिला का पडावा? विचार तुझ्या नवऱ्याला.”

ते बोट हवेत राहिलं आणि मग शेजारच्या बाईकडे गेलं. पार्सिपनीतल्या झाडून साऱ्या मराठी बायका तेव्हा त्या दिवाणखान्यात होत्या आणि सगळ्यांना एकाएकी बशीतली आंब्याची डाळ फार आवडू लागली होती. नंतर स्वयंपाकघरात प्रतिमा डोळे पुसत म्हणाली होती, “मावशी, माझं चुकलं हो. पण शेखर म्हणाला होता, त्याचे वडील नाहीत. मला कळेना काय करावं.”

भागीरथीबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला होता. तिच्यावर राग नव्हता. राग सबंधच्या सबंध घरी आणला होता.

चंद्रशेखरने टीव्हीचा आवाज बंद केला. “आई, ऐकून घे. इथे लोक सहज विचारतात, वडील काय करतात. मी काय सांगू? गलबत घेऊन गेले, अजून यायचेत? वडील नाहीत म्हटलं की विषय संपतो.”

“त्याला सांग,” भागीरथीबाई सुचित्राला म्हणाल्या, “विषय त्याचा संपला असेल.”

आणि जिन्यावरचा बूट उचलून त्या आपल्या खोलीत गेल्या.

देवगडच्या बंदरात त्यांच्या नवऱ्याचं नाव होतं. गलबताचा तांडेल म्हणजे गलबतावरचा राजा. वारा पडला तरी त्याने हुकूम द्यावा आणि खलाशांनी वल्ही हाणावीत. एका दिवाळीनंतर तो मंगळूरहून कौलं आणायला गेला. येताना वादळ झालं. ना माणूस आला, ना गलबत, ना शिडाचं फडकं. चंद्रशेखर तेव्हा नुकता शाळेत जाऊ लागला होता. जाणत्यांनी सांगितलं, बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि बाईने कुंकू पुसायचं. बारा वर्षं झाली तसा थोरला दीर भटजींना आणि दर्भाच्या पेंढीला घेऊन हजर झाला. भागीरथीबाईंनी दोघांना पाट दिले, दर्भाची पेंढी चुलीत सारली आणि तिच्या जाळावर चहा करून दोघांना पाजला. भटजी निमूट चहा प्यायले. पुन्हा त्या घरात हा विषय कुणी काढला नाही.

आणि आता इथे, सातासमुद्रापलीकडे, पोटच्या पोराने तो परस्पर उरकून टाकला होता.

*

त्या दिवसापासून भागीरथीबाई मुलाशी बोलेनाशा झाल्या. त्याच्या पानात वाढायच्या, पण बोलायच्या भाताशी. “मीठ कमी असेल तर घे म्हणावं.” “उद्या कचऱ्याची गाडी येते म्हणावं.” सुचित्रा दोन दिवस निरोप पोचवत राहिली, तिसऱ्या दिवशी वैतागून म्हणाली, “मी काय पोस्टमन आहे का तुम्हा दोघांचा?” तेव्हा निरोपांचं काम बारा वर्षांच्या नातीकडे, सीमाकडे गेलं. तिला त्यात मजा वाटत होती.

“बाबा, आजी म्हणते, तुमच्या ऑफिसच्या शर्टाला बटण नाही, आणि ती लावणार नाही.”

सीमाच्या शाळेत तेव्हा ग्रीक लोकांच्या जुन्या कथा चालू होत्या. शुक्रवारी नाटक होतं, सगळं समुद्रावरचं. शनिवारी-रविवारी आणि रोज शाळेतून आल्यावर ती गॅरेजमध्ये जमिनीवर बसून काहीतरी चिकटवत असायची. भागीरथीबाईही बागेतली खुर्ची आत ओढून तिथेच लसूण सोलत बसायच्या. चंद्रशेखर गॅरेजमध्ये फारसा यायचा नाही, हे त्या जागेचं मोठं सुख.

“हे काय करतेस गो बायो?”

“सेल. बोटचा सेल. काळा.”

“शीड. बोटीचं शीड म्हणावं,” भागीरथीबाईंनी वाकून बघितलं. “आणि हे कचऱ्याच्या पिशव्यांचं?”

“मिस हॅरिगन म्हणाली, चालेल.”

“वारा आला तर कळेल तिला.”

सीमा हसली आणि पिशवीला टेप लावता लावता गोष्ट सांगू लागली. निम्मी मराठी, निम्मी इंग्रजी. आजीला दोन्ही निम्मं निम्मं कळत होतं आणि मधलं त्या स्वतः भरून घेत होत्या. अथेन्स नावाचं एक बंदराचं गाव. तिथला म्हातारा राजा एजियस. लांबच्या बेटावर दुसरा एक राजा, त्याच्याकडे बैलाच्या तोंडाचा राक्षस, आणि त्याला खायला या गावाने आपली पोरं पाठवायची. शेवटी म्हाताऱ्याचा मुलगाच उठला, मी जातो आणि त्याला मारून येतो म्हणाला. जाताना गलबताला काळं शीड. बाप म्हणाला, जिवंत आलास तर येताना पांढरं लाव, म्हणजे मला लांबूनच कळेल.

“शहाणा बाप,” भागीरथीबाई म्हणाल्या. “मग?”

“मग त्याने बुलला मारलं. आणि सगळे घरी यायला निघाले. पण तो सेल चेंज करायला विसरला.”

“विसरला?”

“हो, ही फरगॉट. त्याचे बाबा क्लिफवर उभे होते, रोज बघायचे. त्यांनी काळी शीड बघितली—”

“काळं शीड.”

“काळं शीड बघितलं, आणि त्यांना वाटलं तो मेला, आणि त्यांनी समुद्रात जंप केलं. म्हणून त्या समुद्राला त्यांचं नाव आहे.”

भागीरथीबाईंच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. “आणि गलबतावरचे बाकीचे? ते काय करत होते?”

“कोण बाकीचे?”

“शीड काय एकटा माणूस उतरवतो? आठ-दहा जण लागतात दोराला. ते सगळेच्या सगळे विसरले?”

“आजी, इट्स अ मिथ.”

“असू दे. पुढे काय झालं त्या मेल्याचं?”

“तो किंग झाला.”

“झाला ना?” त्यांनी पाकळी ताटात टाकली. “मग विसरला कसला.”

सीमाने हातातला टेप खाली ठेवला. ही शक्यता मिस हॅरिगनने सांगितली नव्हती. तिने शिडाकडे बघितलं आणि म्हणाली, “आजी, यू आर सो मीन.”

“तुझा बाप पण हेच म्हणत असेल. त्या लोकांचा समुद्राचा देव कोण?”

“पोसायडन. तो सारखा रागावतो. बोटी बुडवतो. त्याला काळे बुल द्यायला लागायचे, समुद्रात टाकून.”

“अख्खे बैल? आणि एवढं घेऊन ऐकायचा?”

“नेहमी नाही.”

“आमच्याकडे नारळावर भागतं,” भागीरथीबाई म्हणाल्या. “ऐकत तोही नाही.”

सगळा गाव नारळी पौर्णिमेला बंदरावर जायचा, तेव्हा ही एक बाई घरात बसून नारळ फोडायची आणि त्याची आमटी करायची. शेजारणींनी आधी समजूत घातली, मग भीती घातली. त्यांचं उत्तर ठरलेलं असे: माझा नारळ मागायला तोंड आहे का समुद्राला? ज्याने घेतलं त्याला वर आणखी द्यायचं, हा हिशेब त्यांना कधी पटला नाही.

“आजी, एक दुसरा किंग होता. त्याने समुद्रावर ब्रिज बांधला, तो तुटला. म्हणून त्याने समुद्राला चाबकाने मारलं. रिअली. तो हिस्टरीमध्ये आहे.”

“कोणाचा तो?”

“ग्रीक नाही. पर्शियन. ग्रीक लोक त्याला हसले.”

“त्यांचं काय गेलं होतं हसायला,” भागीरथीबाई म्हणाल्या. त्या सबंध आठवड्यात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर जराशी कळा आली. “माझ्या मनातलं केलं त्याने. किती फटके दिले?”

सीमाला आठवत नव्हतं. ती शिडाला झाडूचा दांडा बांधू लागली. मग काहीतरी आठवल्यासारखं थांबली, आजीकडे बघून ओठ दाबून हसली.

“लास्टला एक सीन आहे. तो सरप्राइज आहे. बाबा म्हणाले, तुला सांगायचं नाही.”

“बाबाला काय माहीत तुझ्या नाटकातलं?”

“त्यांनीच तर हेल्प केली,” सीमा म्हणाली.

*

शुक्रवारी संध्याकाळी भागीरथीबाई हिरवी इरकली नेसल्या. कुंकू नेहमीपेक्षा मोठं लावलं, मेण घालून, घामाने ओघळू नये असं. शाळेच्या सभागृहात घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. चंद्रशेखर शेजारी बसू लागला तशा त्या उठल्या, सुचित्राला मध्ये घेतलं आणि पुन्हा बसल्या.

निळ्या चादरी धरून चार पोरं हलवत होती, तो समुद्र. पोसायडन झालेला एक गोरा मुलगा बागेतल्या पंज्याला चंदेरी कागद गुंडाळून आला.

“हा आमच्या शंकराचा त्रिशूळ घेऊन कुठे निघाला?” भागीरथीबाई सुचित्राला म्हणाल्या, जरा मोठ्यानेच.

पुढच्या रांगेतल्या बाईने मागे वळून बघितलं, तशी त्यांनी तिच्याकडे बघून मान डोलावली. कचऱ्याच्या पिशव्यांचं शीड वर चढलं, मध्ये अडकलं, एका पोराने दांडा खेचला तसं चढलं. दाढी लावलेला म्हातारा राजा स्टेजच्या कडेला गेला आणि खाली ठेवलेल्या गादीवर धप्पदिशी पडला. सगळे हसले. टाळ्या झाल्या. भागीरथीबाईंनीही हातावर हात मारला. नाटक वाईट नव्हतं.

मग दिवे मंद झाले. पांढऱ्या चादरी गुंडाळलेली मुलं एकामागून एक आली आणि पुठ्ठ्याच्या दगडांच्या एका ढिगाभोवती उभी राहिली. मिस हॅरिगन कोपऱ्यातून काहीतरी वाचू लागली. सुचित्राने सासूच्या कानाशी तोंड नेलं.

“ज्यांना समुद्र परत देत नाही ना, त्यांच्यासाठी हे लोक रिकामं थडगं बांधायचे. आणि त्या माणसाला तीनदा नावाने हाक मारायचे. म्हणजे मग जीव पाण्यावर भटकत नाही म्हणे. घरी येतो.”

“अस्सं,” भागीरथीबाई म्हणाल्या.

मुलांनी आधी त्या म्हाताऱ्या राजाला हाक मारली. मग एक लालसर केसांचा मुलगा पुढे आला. त्याच्या पणजोबाचं जहाज कुठल्याशा थंड समुद्रात गेलं होतं, त्याने पणजोबाचं नाव तीनदा घेतलं. एका मुलीने आरमारातल्या काकाला हाक मारली. पुढच्या रांगेतली बाई डोळे पुसू लागली. आणि मग सीमा पुढे आली, कपाळावरची चादर मागे सारली.

“डिगॅम्बर,” ती म्हणाली.

भागीरथीबाईंना आधी काही कळलंच नाही. परक्या देशातलं कुणाचं तरी नाव वाटलं.

“डिगॅम्बर.”

दुसऱ्या हाकेला त्यांचा हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर गेला. तिसऱ्या वेळी सीमाने मान वर केली, समोर लांब कुठेतरी बघितलं आणि बंदरावरून मारावी तशी हाक मारली. त्या एका हाकेत तर ‘द’ सुद्धा ‘द’सारखा आला.

हे नाव शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी लिहिलं होतं, गलबताच्या कागदांवर सरकारने लिहिलं होतं. भागीरथीबाईंनी ते लग्नात एकदा उखाण्यात घेतलं, तेवढंच. त्या वर्षी वादळ निवल्यावर त्या खडकावर उभ्या राहिल्या होत्या, लाटा गुडघ्यांवर फुटत होत्या, आणि घसा फुटेस्तोवर त्या ओरडत होत्या, “अहो. अहो.” नाव कसं घेणार? त्या दिवशी त्या पाण्यात कितीतरी बायकांचे नवरे होते. सगळेच अहो. कोण म्हणून ओ देणार होतं?

टाळ्या सुरू झाल्या तेव्हा भागीरथीबाई उठल्या होत्या. सुचित्राने पदर धरला, तो त्यांनी सोडवून घेतला. “पोरीला म्हणावं, छान केलंस. खोटं नाही सांगत, छान केलंन तिने,” एवढं म्हणून त्या माणसांच्या गुडघ्यांवरून वाट काढत बाहेर पडल्या.

*

शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये अजून उजेड होता. झाडांना नुकती कुठे पानं फुटत होती. त्या गाडीपाशी उभ्या राहिल्या. चंद्रशेखर किल्ल्या हातात घेऊन मागोमाग धावत आला, त्याने दार उघडलं. एरवी त्या मागे बसायच्या. आज पुढे बसल्या.

तो आपल्या जागी येऊन बसला, पण गाडी सुरू केली नाही.

“सीमा आणि सुचित्रा कुकीज वगैरे घेऊन येतील,” तो म्हणाला. मग म्हणाला, “आई, तुला त्रास व्हावा म्हणून नाही केलं. टीचरने सगळ्यांना घरातलं एक नाव आणायला सांगितलं होतं. सीमाने विचारलं, मी दिलं. मला वाटलं, तुझ्या कानावर गेलं की तुला पण... मोकळं वाटेल.”

भागीरथीबाई समोर बघत होत्या.

“किती वर्षं तुझ्याशी बोलायचं म्हणतोय. प्रत्येक वेळी इंडियात आलो की ठरवून यायचो. तुझं कपाळ बघितलं की तोंडच उघडायचं नाही.” त्याने स्टिअरिंगवर हात ठेवले. “म्हटलं, अशा रीतीने सांगितलं तर—”

“दिगंबर बुडाला,” भागीरथीबाई म्हणाल्या.

त्यांनी ते साध्या आवाजात म्हटलं. अहो नाही, हे नाही, बहुवचनसुद्धा नाही. बेचाळीस वर्षांच्या चंद्रशेखरने आईच्या तोंडून हे नाव कधी ऐकलं नव्हतं. किल्ल्यांचा जुडगा त्याच्या मांडीवरून घसरून खाली पडला, तो त्याने उचलला नाही.

“वेंगुर्ल्याच्या खाली कुठेतरी बुडाला. मला ते आठवड्यात कळलं. सुकाणूची फळी आली होती वाहत, आपल्या गलबताची. पितळेचे खिळे त्याने माझ्यासमोर ठोकले होते, मी ओळखणार नाही? पहाटे मीच ओढून आणली वर, आणि परसात केळीच्या बुडाशी पुरली. कुणाला बोलले नाही.”

“आई...”

“मध्ये बोलू नको. तुझे काका टपून बसले होते. बाई विधवा झाली की तिला कोपरा, आणि तिचं पोर दिरांच्या जाळ्यावर राबायला. तू आज वासरासारखा कुणाच्या तरी दावणीला असतास. नवरा यायचा आहे म्हटल्यावर कुणाची टाप झाली नाही दारात यायची. मी बाजारात बसले, भांडले, घरातला त्याचा वाटा मागून घेतला, तुला मुंबईला धाडला. एवढं मोठं कुंकू कपाळावर काय मला हौस होती म्हणून? या कुंकवावर तू इंजिनियर झालास. या कुंकवावर तुझं हे घर उभं आहे, तुझी ही गाडी.”

शाळेचं दार उघडलं. माणसं बोलत बोलत बाहेर येऊ लागली. त्यांच्यात एक छोटा पोसायडन बापाच्या खांद्यावर बसून पंजा हलवत चालला होता. चंद्रशेखरने तोंडावरून हात फिरवला.

“मला हे माहीत नव्हतं,” तो म्हणाला.

“माहीत कसं असणार. विचारलंस कधी?” आता त्या त्याच्याकडे वळल्या; हळदीकुंकवापासून पहिल्यांदाच त्यांनी त्याच्या डोळ्यांत बघितलं. “हे पुसायचं की ठेवायचं, ते माझं मी बघेन. त्याला भटजी नको आणि तुझ्या मैत्रिणी नकोत. पण तुझं तुला सांगते, नीट ऐक. बाप गेला हे तुला समजत होतं, त्याचं मला काही नाही. माणसाला समजतं. पण तू गावभर सांगत फिरलास आणि मला तेवढं सांगितलं नाहीस. आणि सांगायची वेळ आली तेव्हा पोरीला चादर गुंडाळून स्टेजवर उभी केलीस, आणि तू अंधारात खुर्चीवर बसलास. तिने हाक मारली. ती धड मराठी बोलत नाही, तिने आजोबाला बघितलं नाही, आणि तिने मारली. तांडेलाचा मुलगा तू, आईच्या समोर उभं राहून बापाला एक हाक मारायची छाती झाली नाही तुझी. भेकड आहेस तू, चंदू.”